खिशातली साखर

गुडीहत्नूर
९ जुलै २०२५

पंकज,

बाबाच्या गोळ्या पोचल्या. फोनवर तू तेवढंच विचारतं, म्हणून पह्यले तेच लिहून टाकलं. आता बाकीचं वाच. मी फोनवर तोंड उघडलं की तुले मीटिंग येते. पत्राले मीटिंग येत नाही.

पार्सल आणाले बाबा सोताच बसस्टँडवर गेलते. हैद्राबादची बस यायच्या कितीतरी आधी जाऊन बसते हा माणूस! कंडक्टरनं डबा हातात देल्ला की छातीशी धरून आणते, अन रस्त्यानं भेटन त्याले सांगते, "पोरानं धाडलं." मले हासू बी येते अन राग बी येते. परवा म्हटलंच मी, "दसऱ्याच्या दिवशी त्याच पोराले घरातून काढलं तुमी, सुनेले नाही नाही ते बोलले, पुन्हा उंबरा चढू नको म्हटलं, अन आता त्याच्या गोळ्या गावभर मिरवता?" तर माह्या तोंडाकडं पाह्यत राह्यले. म्हणे, "मी? मी कवा काढलं?" सोंगाची बी काही हद असते बाप्पा!

पण सोंगाचं जाऊ दे. बाबाचं काही खरं दिसत नाही. तुह्या बापानं जल्मभर किराण्याच्या दुकानात कागदाच्या पुड्या बांधल्या, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, खाली न पाह्यता. पंधरवड्यामागं जिऱ्याची पुडी बांधाले घेतली, तर दोरा बोटात गुतला अन सारं जिरं भुईवर. मीठ मागणाऱ्याले साखर देल्ली. कुमुदिनी मास्तरीणबाई, इतली शांत बाई, तिच्या अंगावर धावून गेले. एक दिवस तर हायवेच्या मधोमध उभे होते, ट्रक हॉर्न वाजवून राह्यला अन हे ढिम्म. मंग घडीभरानं चांगले, चहा मागते, तुही आठवण काढते. काय समजावं माणसानं?

शेजारची तेलगू म्हातारी म्हणते दय्यम लागलं, म्हणजे भूत. राजकुमार कापडवाला म्हणते भानामती. मी लिंबू बी उतरवून पाह्यलं, लिंबू वाया गेलं. बाकी सारे म्हणते, म्हातारपण आहे, डोकं गेलं, आता असंच राहीन.

माहं एकच म्हणणं आहे. बाप तुले ओळखते तोवर येऊन जा. मंग येशीन तर कोणाले भेटशीन?

तुही आई

गुडीहत्नूर
२१ जुलै २०२५

पंकज,

तुहं उत्तर नाही. नसू दे. आज मी भांडाले बसली नाही. शनिवारी जे पाह्यलं ते कोणाले तरी सांगतल्याबिगर मले घास उतरत नाही, अन सांगाचं तर तुलेच सांगावं लागते.

बाबाचा शनिवार तुले माहीत आहे. मारोतीचा उपास, दिवा लागेपर्यंत पोटात काही नाही. गोळ्या मात्र सकाळी अंघोळ झाली की पह्यल्या. मी म्हटलं तर म्हणे, "उपास देवाचा अन गोळ्या डॉक्टरच्या. दोघाईले नाराज काऊन करा?" दुपारी मी भाकरी टाकून दुकानात आली, तर गादी रिकामी. धावतच बाजारात गेली. सुधाकररावाच्या मेडिकलच्या पायरीवर माणसं जमली होती, अन मधात तुहे बाबा. सदरा पिळला असता तर पाणी निघालं असतं, असा घाम. हात थरथर कापून राह्यले, तोंडानं शिव्या. गर्दीतला एक जण म्हणे, "मारोतरावनं आज दुपारीच चढवली वाटते." ज्या माणसानं जल्मात थेंब घेतला नाही त्याले! मले वाटलं धरणीमाय पोटात घेईन तर बरं होईन.

तेवढ्यात सुधाकररावाची सून बाहेर आली. प्रतिभा. याच उन्हाळ्यात लग्न होऊन आली, वरंगलले औषधाचं मोठं शिक्षण घेतलं म्हणते. बाबा तिलेही बोलले, लई घाण बोलले. पोरीनं कानावर घेतलं नाही. हात धरला, बोट टोचलं, इवल्या मशीनीत पाह्यलं अन म्हणे, "काकू, साखर पन्नासच्या खाली आहे. आत चला, साखर द्यावी लागेल."

मी वरडलीच, "बाई, यायले शुगर आहे! साखर बंद आहे यायले!"

म्हणे, "रोज बंद, आज चालू. आज साखरच औषध आहे."

पेल्यात ग्लुकोज कालवलं. बाबानं अर्धं तिच्या अंगावर उडवलं. तिनं पुन्हा कालवलं, पुन्हा तोंडाशी धरलं, लेकराले पाजते तसं.

पंकज, मंग जे झालं ते मी डोळ्यानं पाह्यलं म्हणून सांगते, दुसऱ्या कोणी सांगतलं असतं तर मी हासली असती. पह्यले घाम थांबला. मंग हात थांबले. मंग डोळे, अरे काय सांगू तुले, ते डोळे! वर्षभर त्या डोळ्यात दुसराच कोणी भाड्यानं राहून राह्यला होता. माह्या समोर, एक चहा उकळून निघाले लागते तेवढ्या वेळात, घरमालक माघारी आला. इकडंतिकडं पाह्यलं. मले पाह्यलं. अन म्हणे, "शकू, तू इथं? मंग दुकान कोण पाहून राह्यलं?"

मी पायरीवरच बसली. कोणता देव पावला, कोणता मंतर चालला, काही नाही, एक पेला गोड पाणी! मी प्रतिभाले म्हटलं, "माय, तुनं काय केलं?" ती म्हणे, "मी काही नाही केलं काकू. मेंदूले साखर लागते. काकाचा मेंदू उपाशी होता."

अन मंग बाबाची नजर तिच्या ओल्या साडीवर गेली. म्हणे, "पोरी, हे तुह्या अंगावर कोणी सांडलं?"

गर्दीतले दोघं हासले. मले हासू नाही आलं. कारण मी त्यायच्या तोंडाकडं पाह्यत होती, अन त्या तोंडावर सोंग नव्हतं. त्यायले खरंच माहीत नव्हतं.

घरी येईपर्यंत माह्या डोक्यात एकच चालू होतं. गेल्या साली दसरा शनिवारी आलता.

तुही आई

गुडीहत्नूर
४ ऑगस्ट २०२५

पंकज,

दसऱ्याच्या दिवशी घड्याळ कसं गेलं ते तू बी आठव. तराजूची पूजा झाल्याबिगर आपल्या घरी कोणी तोंडात घास टाकत नाही, अन भटजी बाजारहत्नूरवरून याचा होता, त्याची गाडी पंक्चर. लेकरू म्हणून ओवीले तेवढं तू दूध देल्लं. बाकीचे सारे उपाशी, अन बाबाचा वरून शनिवार. ताटं वाढली तवा दुपार कलून गेलती. तुह्या चंचलनं सणाचं म्हणून त्यायच्या बी पानात वरण वाढलं अन बाबानं ताट उडवलं. घाम होता का रे तवा? मी डोळे मिटून लई आठवते. मले आठवते, सदरा पाठीले चिकटला होता. मी म्हटलं होतं, चुलीच्या धगीनं झालं असन.

मी प्रतिभाले हे सारं सांगतलं. ती पोर उगाच गोड बोलणारी नाही. म्हणे, "काकू, त्या दिवशी कोणी बोट टोचून पाहिलं नाही, म्हणून छातीठोक मी सांगणार नाही. पण तुम्ही जे सांगता ते सगळं साखर उतरण्याशी जुळते."

मंग म्हणे, "घरात असेल नसेल ते सगळं औषध पिशवीत घालून आणा. डब्यातलं, उशाखालचं, देवळीतलं, सगळं." मी भाजीची पिशवी भरून नेली. काउंटरवर ओतली तर मलेच लाज वाटली. तुह्या गोळ्या, आदिलाबादच्या राघवेंद्र डॉक्टरच्या जुन्या गोळ्या, प्रेशरच्या, झोपेच्या, गॅसच्या, अन कोणत्या तरी वैदूचा काढा. प्रतिभानं एकेक पाकीट उचललं, उलटं करून बारीक अक्षरं वाचली. मंग दोन पाकिटं जवळ जवळ ठेवली. एक हिरवं, एक चांदीसारखं. म्हणे, "काकू, नावं दोन, पण आतलं औषध एकच. काका एकच गोळी दोनदा घेऊन राहिले आहेत, ते बी उपाशीपोटी."

आता नीट वाच, अन सोताले बोल लावून घेऊ नको. गेल्या साली उन्हाळ्यात, दसऱ्याच्या आधी, तू बाबाले हैद्राबादच्या मोठ्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं नवीन गोळ्या देल्ल्या. नवीन चालू झाल्या की जुन्या बंद, हे त्या डॉक्टरले वाटलं आमाले समजलं असन. आमाले वाटलं, सांगतलं नाही म्हणजे दोन्ही घ्याच्या. तू तर चांगल्यासाठीच धाडून राह्यला होता.

प्रतिभानं सोताच्या मनानं एक गोळी बंद केली नाही. राघवेंद्र डॉक्टरले फोन लावला, अन दुसऱ्या दिवशी आमी आदिलाबादले गेलो. डॉक्टर कपाळाले हात लावून म्हणे, "मारोतराव, तुमी हैद्राबादले दाखवलं हे मले काऊन नाही सांगतलं?"

तर हे म्हणते, "तुमाले वाईट वाटलं असतं ना डॉक्टर."

घ्या! दोन डॉक्टरपैकी कोणाचं मन मोडू नये म्हणून आपलं डोकं मोडून घेतलं. डॉक्टर अन प्रतिभा एकमेकांकडं पाहून हासले, पण मले वाटते डॉक्टरचे डोळे भरून आलते.

आता तुही गोळी बंद, डॉक्टरची अर्धी. झोपेची हळूहळू कमी करून बंद होईन. काढा तर प्रतिभानं माह्यासमोर मोरीत ओतला. मशीनीत आकडा थोडा वर दिसला की मी प्रतिभाकडं धावते. इतले वर्ष साखर खाली आणा, खाली आणा, हेच ऐकलं ना! ती म्हणते, "काकू, या वयात थोडी वर राहू द्या. एकदम खाली जाऊन ट्रकखाली येण्यापेक्षा बरी."

अन ऐक. काल दुकानात मी डाळ निवडून राह्यली होती. पाठीमागं दोऱ्याचा सर्रर्र आवाज आला. पाह्यलं तर बाबानं मिऱ्याची पुडी बांधली, दोरा तोडला, अन खाली न पाह्यता गिऱ्हाइकाले देल्ली. त्यायले काहीच विशेष वाटलं नाही. मी डाळीत तोंड खुपसून रडली.

तुही आई

गुडीहत्नूर
२५ ऑगस्ट २०२५

पंकज,

मी मोठी खुशीत होती ना, दृष्टच लागली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुकानात बाबाच्या कपाळावर पुन्हा घाम दिसला. जीभ जड, बोलणं वाकडं. पण आता मी काही लिंबू शोधाले नाही गेली. समोरच्याच पोत्यातली मूठभर साखर घेतली, तांब्यात कालवली, मान धरून पाजली. शिव्या खाल्ल्या. अन पाह्यत बसली. आले बाबा माघारी. माह्या हातानं आले, पंकज! या हातानं आजवर भाकऱ्याच थापल्या, मले वाटे यायले दुसरं काही येत नाही.

मंग प्रतिभा आली. तिले वाटलं होतं आता असं व्हाले नाही पाह्यजे. बाबाजवळ पोत्यावर बसली अन हळूच विचारलं, "काका, खरं सांगा, दुसरी एखादी गोळी घेता का?" बाबानं सोताच गादी उचलली. खाली तुही पार्सलं. जुलैचं बी, अन माहं पत्र पोचायच्या आधी निघालेलं ऑगस्टचं बी. लपवून रोज खाऊन राह्यले होते!

माह्या तोंडाचा पट्टा सुटला. मी जे मनात आलं ते बोलली. बाबानं सारं ऐकून घेतलं अन मंग म्हणे, "शकू, वर्षात त्याच्याकडून एवढंच येते. एवढं बी नाही घेऊ का?"

मी हातातलं पार्सल खाली ठेवलं.

प्रतिभानं मंग पाकिटं हातात घेतली, फेकली नाही. म्हणे, "काका, यातलं प्रेम तुम्ही ठेवा. औषध माह्याकडं द्या." अन मले म्हणे, काकू, पंकजदादाले कळवा.

म्हणून कळवून राह्यली. आता गोळ्या धाडू नको. तुले वाईट वाटन, तुले वाटन माय बी आता तोडून राह्यली. तसं नाही रे. ही माही दरखास्त समज. गोळ्या नको धाडू, पण बस रिकामी बी नको येऊ देऊ. तो माणूस तरी बी स्टँडवर जाईन, मले पक्कं माहीत आहे. रिकाम्या हातानं परत येताना मले त्याच्याकडं पाह्यवणार नाही.

आणखी एक. प्रतिभा म्हणते, काकाच्या खिशात चोवीस तास साखर पाह्यजे, घाम आला की तोंडात टाकाची. हे ऐकत नाही. "शुगरवाला माणूस खिशात साखर घेऊन फिरते, लोक काय म्हणतीन?" मी रोज सकाळी खिशात टाकते, हे रोज काढून पोत्यात टाकते. सांग, काय करू अशा माणसाचं?

तुही आई

गुडीहत्नूर
३० सप्टेंबर २०२५

पंकज,

शनिवारी मी बाबाले चारदा सांगतलं, आज पार्सल येत नाही, गोळ्या बंद केल्या, मीच लिहिलं. "माहीत आहे," म्हणे, अन चप्पल घालून गेलेच. मी दुकानाच्या दारात उभी. मनात म्हणत होती, बस उशिरा येऊ दे, नाहीतर येऊच नको देऊ.

मंग दुरून दिसले. छातीशी डबा.

माहा संतापच झाला. म्हटलं, एवढं लिहून या पोरानं गोळ्याच धाडल्या! डबा ओढून घेतला अन उघडला. आत गोळी नाही, चिठ्ठी नाही. इंग्रजी पेपरच्या कागदाची एक पुडी, दोऱ्यानं बांधलेली. सोडली तर खडीसाखर.

बाबानं पुडी माह्या हातातून घेतली, उजेडात नेली, फिरवून फिरवून पाह्यली. म्हणे, "घडी पंकजची आहे. डावा कोपरा आत, हे मी शिकवलं त्याले. पण ही गाठ त्याची नाही. ही ढिल्ली गाठ ओवीची." मंग मले म्हणे, "शकू, दसऱ्याले मी काय बोललो? सारं सांग. काही लपवू नको."

वर्षभर मी जे तोंडावर फेकलं, ते त्या दिवशी मले हळूहळू सांगावं लागलं. ताट उडवलं ते. चंचलच्या माहेराले बोलले ते. ओवी खांबामागं लपून रडत होती ते. उंबरा चढू नको म्हटलं ते. सारं ऐकलं. मी म्हटलं, "अहो, ते तुमी नव्हतेच, ती साखर उतरली होती."

म्हणे, "ते डॉक्टरले माहीत. चंचलनं तर माहंच तोंड पाह्यलं ना? लेकरू तर मलेच भ्यालं ना?"

मंग उठले, पुडी सदऱ्याच्या खिशात टाकली अन निघाले. कुठं, तर गावभर! राजकुमारच्या दुकानात खिसा दाखवला, प्रतिभाच्या मेडिकलमधी दाखवला, तेलगू म्हातारीले एक खडा देल्ला. "पोरानं धाडलं." कोणी हासलं का नाही ते पाह्याची बी फुरसत नव्हती त्यायले. प्रतिभा काउंटरमागं उभी राहून डोळे पुसत होती. मी तिले म्हटलं, "माय, तू गोळ्या काढत गेली अन आतून माहा माणूस निघत आला." ती म्हणे, "काकू, तुम्ही दर शनिवारी केळं देत जा, उपास मोडत नाही त्यानं." तिचं आपलं तेच! देवानं काय काय माणसं घडवली, मले तर समजत नाही.

मी बाबाले म्हटलं, पंकजले दसऱ्याले बोलावू. तर म्हणे, "मी त्याले उंबरा चढू नको म्हटलं. मंग तो कसा येईन? मीच जातो." देव्हाऱ्याजवळचा पितळी तराजू खाली काढला, चिंचेनं घासला, गोधडीत गुंडाळला. दुकानाचा तराजू घराबाहेर जाते का कधी? पण म्हणे, पूजा यावर्षी पंकजच्या घरी. अन म्हणे, पह्यले सारे जेवू, मंग पूजा. लग्न झाल्यापासून मी त्या माणसाच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं.

उद्या सकाळच्या बसनं आमी निघून राह्यलो. हे पत्र मी टपालात टाकत नाही, संगं आणते. तोंडानं सांगाले गेली तर मी मधातच रडीन अन निम्मं राहून जाईन. दारात तुह्या हातात देते. तू वाच, चंचलले वाचून दाखव. ओवीले सांग, आजोबा गाठ शिकवाले आले. तुमाले काय ठरवाचं ते निवांत ठरवा. आमी खाली जिन्यात बसतो.

घाई करू नको. बाबाच्या खिशात साखर आहे.

तुही आई